पोलादाचा भाव आणि नगरच्या शेतकऱ्याचा नांगर

गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात एक वयस्क शेतकरी भेटले. राहुरीकडचे, तीन एकरांचे धनी. मोगड्याचे फण बदलायला गेले होते आणि भाव ऐकून तसेच परत आले. "फादर, लोखंड स्वस्त झालं असं पेपरात येतं, मग आमच्यापर्यंत का येत नाही?" असा त्यांचा साधा प्रश्न होता. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर होय.

प्रथम पोलादाच्या भावाची वाटचाल पाहू. २०२० च्या मध्यास, टाळेबंदीच्या काळात, पोलादाच्या पत्र्याचा घाऊक भाव टनाला सुमारे ३६,००० रुपये होता. पुढे चीनची मागणी उसळली आणि मे २०२१ मध्ये लोहखनिज जागतिक बाजारात टनाला २०० डॉलरच्या वर गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. पोलादाच्या भट्टीला लागणारा कोकिंग कोळसा आपला देश मुख्यतः ऑस्ट्रेलियातून आणतो. त्याचा भाव मार्च २०२२ मध्ये टनाला ६०० डॉलरच्या पुढे गेला. परिणामी एप्रिल २०२२ मध्ये आपल्याकडे पत्रा टनाला सुमारे ७६,००० रुपयांवर पोहोचला. दोन वर्षांत दुपटीहून अधिक वाढ झाली.

ही वाढ शेतकऱ्याच्या मापाने मोजली तर तिचा खरा अर्थ कळतो. आपला जिल्हा उसाचा. सहकारी साखर कारखानदारीचा पाया प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी घातला, म्हणून माप उसाचेच घेऊ. २०२०-२१ च्या हंगामात उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत, म्हणजे एफआरपी, दहा टक्के उताऱ्याला क्विंटलला २८५ रुपये होती. २०२१-२२ मध्ये ती २९० झाली. म्हणजे २०२० साली एक टन पत्र्याची किंमत साडेबारा टन उसाएवढी होती, तर एप्रिल २०२२ मध्ये तेवढ्याच पत्र्यासाठी सव्वीस टन ऊस मोजावा लागला असता. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च या दरातून वजा होतो, तो मी येथे धरलेलाच नाही. क्विंटलमागे पाच रुपयांची वाढ एकीकडे आणि दुप्पट झालेले लोखंड दुसरीकडे!

ट्रॅक्टर कंपन्यांनी वाट पाहिली नाही. कच्चा माल महागल्याचे कारण देऊन महिंद्र कंपनीने १ जानेवारी २०२१ पासून आणि एस्कॉर्ट्सने १ एप्रिल २०२१ पासून दर वाढविले. परंतु ट्रॅक्टरमध्ये इंजिन, टायर, रबर असे पुष्कळ काही असते. नांगर, मोगडा, रोटाव्हेटरची पाती, ट्रॉली ही मात्र जवळजवळ निव्वळ लोखंडाचीच. समजा, एका ट्रॉलीला दीड टन लोखंड लागते आणि टनामागे ३५,००० रुपये वाढले, तर कारागिराच्या मजुरीत एक पैसाही न वाढता ट्रॉली साडेबावन्न हजारांनी महागते. म्हणून या भाववाढीची सर्वांत जड झळ मोठ्या कंपनीच्या दालनापेक्षा तालुक्याच्या रस्त्यावरील वेल्डिंगच्या शेडमध्ये लागली.

आता राहुरीच्या त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे येऊ. पोलाद पुढे खरोखरच उतरले. केंद्र सरकारने २२ मे २०२२ पासून पोलादाच्या अनेक प्रकारांवर १५ टक्के निर्यातशुल्क लावले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ते मागे घेतले. २०२४ च्या अखेरीस परदेशी मालाच्या दबावाने भाव ५०,००० च्याही खाली आला. तेव्हा पोलाद कारखान्यांनी संरक्षण मागितले आणि एप्रिल २०२५ मध्ये आयातीवर १२ टक्के संरक्षक शुल्क बसले. भाव चढला की कारखानदार बाजाराच्या नियमाकडे बोट दाखवतात आणि उतरला की सरकारकडे धाव घेतात. उसाच्या आणि कांद्याच्या शेतकऱ्याला अशी तत्पर दाद क्वचितच मिळते. असो. मुद्दा हा की २०२२ नंतर पोलाद उतरूनही ट्रॅक्टरची किंमत त्या प्रमाणात खाली आली नाही. पन्नास अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक निकष लागू झाले, हे एक कारण खरे. पण लहान ट्रॅक्टरांना तेही लागू नव्हते. एकदा चढलेली किंमत सवयीची होते, हेच खरे कारण दिसते.

उतार दिसला तो करकपातीने. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि मशागतीची यंत्रे यांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पस्तीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर ४१,००० रुपयांनी स्वस्त होईल, असे केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सांगितले. हे स्वागतार्हच आहे. मात्र पोलादावरचा जीएसटी १८ टक्केच राहिला. नोंदणीकृत मोठा उत्पादक लोखंडावर भरलेल्या जादा कराचा परतावा मागू शकतो. पैसा काही महिने अडकतो, पण परत येतो. आपल्या गावचा फॅब्रिकेटर बहुधा चाळीस लाखांच्या उलाढालीखालचा, बिननोंदणीचा. त्याने भरलेले अठरा टक्के कोठूनही परत मिळत नाहीत, ते त्याच्या नांगराच्या किमतीतच मुरतात. विळा, कुदळ, खुरपे यांवर कर शून्य, असे आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्या लोखंडावरचा करही असाच आत दडून राहतो. जुन्या मोटारीचे कमानपाटे ठोकून विळे घडविणाऱ्या लोहाराला हे गणित कोणी समजावून सांगत नाही.

पवित्र शास्त्रात शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात असाच एक प्रसंग आहे. इस्राएलात लोहार उरला नव्हता, म्हणून फाळाला आणि कुऱ्हाडीला धार लावण्यासाठी लोकांना पलिष्ट्यांकडे उतरून जावे लागे, आणि त्याचा ठरलेला मोबदलाही तेथे नोंदलेला आहे. प्रवचनात हा भाग आपण सहसा युद्धकथा म्हणून ओलांडून जातो. मला अलीकडे तो अर्थशास्त्राचा धडा वाटू लागला आहे.

राहिला प्रश्न अनुदानाचा. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत लहान शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी ५० टक्के अनुदान असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात त्याला सव्वा लाखाची कमाल मर्यादा आहे. सहा लाखांच्या ट्रॅक्टरला ते जेमतेम एक पंचमांश होते. किंमत वाढत जाते आणि मर्यादा जागेवर राहिली की टक्केवारी केवळ कागदावर उरते. त्यातही आधी स्वतःच्या खिशातून खरेदी, मग अनुदान. म्हणजे मधल्या काळासाठी उसनवार आलीच.

आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांना येथे आणखी एक अडसर आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती शेतकऱ्याला अनुसूचित जातीच्या गटातून अर्ज करता येत नाही. पुष्कळजण तेथेच थांबतात आणि आपल्याला काही मिळणार नाही असे समजतात. ते चूक आहे. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेला अल्पभूधारक आणि महिला शेतकरी यांना तोच ५० टक्क्यांचा दर आहे, तेथे जात किंवा धर्म विचारला जात नाही. आठ-अचा उतारा काढून महाडीबीटी संकेतस्थळावर अल्पभूधारक म्हणून अर्ज करावा. पूर्वसंमती मिळण्यापूर्वी मात्र अवजार विकत घेऊ नये. गटाने भाड्याच्या अवजारांचे केंद्र काढण्यासही याच योजनेत साहाय्य आहे. तीन एकरांच्या धन्याला स्वतःच्या रोटाव्हेटरपेक्षा असे केंद्र अधिक उपयोगी, कारण आज तो एकरी भाडे देतो ते दुसऱ्याच्या हप्त्यावर ठरलेले असते.

राहुरीच्या त्या गृहस्थांना मी एवढे कळविले आहे. फण त्यांनी अखेर जुन्याच पात्याला तुकडा जोडून चालविले.