दुकानातून घरात गेलेला माल

पुणे-नाशिक महामार्गाने मोशी ओलांडली, इंद्रायणीचा पूल मागे टाकला आणि चाकणची वाट धरली की चिंबळीच्या पुढे कुरुळी लागते. खेड तालुक्यातले हे मूळचे शेतकरी गाव. चाकण औद्योगिक वसाहत वाढली तसे गावाचे रूप पालटले. शेताच्या बांधावर खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या, त्यांत मराठवाडा-विदर्भापासून उत्तर प्रदेश-बिहारपर्यंतचे कामगार राहू लागले आणि त्यांना पीठ, तेल, डाळ पुरवणारी किराणा दुकाने रस्त्याच्या कडेने वाढली. अशा पट्ट्यातील दुकानाचा महिना पगाराच्या तारखेला बांधलेला असतो. सात ते दहा तारखेच्या सुमारास गल्ला भरतो, वीस तारखेनंतर उधारीची वही जाड होते. गिऱ्हाइकाला महिन्याचा किराणा किती लागतो, तो कोठे हात आखडता घेतो आणि कोठे चुकतो, हे दुकानदाराइतके कोणालाच ठाऊक नसते.

त्याच दुकानदाराला त्याच्या स्वतःच्या घरचा महिन्याचा किराणा किती, असे विचारले तर मात्र बहुधा नेमके उत्तर मिळत नाही.

नोकरदाराच्या घरी वाणसामानाची यादी होते, पैसे मोजले जातात आणि पिशव्या घरी येतात. त्यामुळे खर्च डोळ्यांना दिसतो. दुकानदाराच्या घरी साखर संपली की मुलाला खाली पाठवले जाते. तो पोत्यातून किलोभर साखर घेतो आणि जाता जाता बिस्किटांचा एक पुडाही उचलतो. पैसे हातातून सुटत नाहीत, म्हणून खर्च झाला असे कोणालाच वाटत नाही. ‘दुकान घरचेच, मग हिशोब कशाला?’ या एका वाक्यावर कित्येक व्यापारी कुटुंबांचे महिन्याचे अंदाजपत्रक कोसळते.

उदाहरणादाखल सात माणसांचे एक कुटुंब घेऊ. भाव रोज हलतात, तेव्हा पुढील आकडे केवळ रीत दाखवण्यापुरते समजावेत. घरातील सून दर महिन्याला नऊ हजार रुपये घेते आणि त्यातून दूध, भाजी, फळे व बाहेरच्या किरकोळ वस्तू भागवते. घरात सर्वांचा समज असा की खाण्याचा खर्च नऊ हजार. आता दुकानातून वर जाणारा माल मोजावा. गहू ४० किलो, किलोला ३४ रुपये खरेदीभावाने १,३६० रुपये. तेल १० लिटर, १४० रुपयांनी १,४०० रुपये. तूप ४ किलो, ६०० रुपयांनी २,४०० रुपये. या तीनच जिनसांचे ५,१६० रुपये झाले. तूर, मूग, तांदूळ, साखर, चहा, पोहे, रवा, बेसन, साबण आणि मुलांनी उचललेले पुडे मिळून आणखी ४,६४० रुपये धरले तर दुकानातून आलेला माल ९,८०० रुपयांचा होतो. म्हणजे घराचा खरा खर्च १८,८०० रुपये, समजुतीच्या दुपटीहून अधिक. अशा घरात काटकसरीची गोष्ट निघते तेव्हा सारी कात्री त्या नऊ हजारांवरच चालते. भाजी कमी करा, फळे कमी करा, असे सुनेला सांगितले जाते. तूप किती गेले हे कोणी विचारत नाही, कारण ते ‘विकत’ आणलेलेच नसते.

दुकानाच्या बाजूने पाहिले तर प्रकरण अधिक गंभीर आहे. दुकानाची महिन्याची विक्री तीन लाख आणि ढोबळ नफा आठ टक्के, म्हणजे २४,००० रुपये, असे समजू. न नोंदलेला ९,८०० रुपयांचा माल शिल्लक मालाच्या मोजणीत कमी भरतो आणि नफा १४,२०० रुपये, म्हणजे पाच टक्क्यांच्याही खाली दिसतो. मग शोध सुरू होतो. घाऊक व्यापाऱ्याने वजनात मारले का? भाव लावताना चूक झाली का? आणि बऱ्याचदा शेवटी संशयाची सुई दुकानात कामाला असलेल्या पोरावर येऊन थांबते. परगावाहून आलेला, तुटपुंज्या पगारावर राबणारा तो मुलगा ज्या तुटीसाठी काम गमावतो, ती तूट वरच्या मजल्यावरच्या डब्यांत सुरक्षित असते. हिशोबातील आळस हा केवळ हिशोबाचा दोष राहत नाही. तो दुसऱ्याच्या अन्नावर आणि अब्रूवर येतो. अदत्तादानाचा दोष टाळण्याविषयी इतके सजग असणाऱ्या समाजात निरपराधावर चोरीचा आळ यावा, ही गोष्ट साधी नव्हे.

उपाय मात्र अगदी साधा आहे आणि वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षी तो शिकवला जातो. मालकाने स्वतःच्या वापरासाठी धंद्यातून घेतलेला पैसा असो वा माल, त्याला ‘उचल’ म्हणतात. माल उचलला की तो खरेदीभावाने मालकाच्या उचल खात्यावर नावे पडतो आणि खरेदीतून तेवढी रक्कम वजा होते. विक्रीभाव लावायचा नाही, कारण स्वतःच्या घराला माल देऊन कोणी नफा कमावत नाही. वस्तू व सेवा कराचा कायदाही हाच भेद करतो. वैयक्तिक उपभोगासाठी वापरलेल्या मालावर खरेदीच्या वेळी भरलेल्या कराचे क्रेडिट मिळत नाही, आणि घेतले असेल तर ते परत करावे लागते. कंपोझिशन योजनेतील दुकानदाराला क्रेडिटच नसते, म्हणून त्याला हा प्रश्न येत नाही. वरील उदाहरणात तूप व तेल यांवरील पाच टक्क्यांच्या हिशोबाने रक्कम १९० रुपये होते. ती किरकोळ आहे हे खरे, पण नियम रकमेकडे पाहून बदलत नाही.

धंदा वेगळा आणि घर वेगळे ही दृष्टी पाश्चात्त्य हिशोबशास्त्राने आणली असा एक समज आहे. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाचे चरित्र ज्यांनी प्रवचनांतून ऐकले आहे, त्यांना तो पटणार नाही. वाणिज्यग्रामच्या या धनाढ्य गृहस्थाच्या बारा कोटी सुवर्णमुद्रांची वाटणी तेथे स्पष्ट दिली आहे: चार कोटी निधी म्हणून ठेवलेल्या, चार कोटी व्यापारात गुंतवलेल्या आणि चार कोटी घरसंसाराच्या वैभवात. भगवान महावीरांसमोर श्रावकव्रते घेताना त्याने ही मर्यादा तर बांधलीच, पण तेथेच थांबला नाही. दातण कोणते, तेल कोणते, तांदूळ कोणत्या जातीचा, डाळी कोणत्या, तूप कोणत्या ऋतूतले, पिण्याचे पाणी कोणते, येथपर्यंत त्याने उपभोग-परिभोगाचे परिमाण ठरवले. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका व्यापाऱ्याच्या स्वयंपाकघराची ही यादीच म्हणायची. आजच्या किराणा यादीत आणि तीत एक मोठा फरक आहे. आज काय आणायचे ते लिहिले जाते. आनंदाने कशाच्या पलीकडे जायचे नाही ते लिहिले.

चौदा नियम धारण करणाऱ्या घरांत हा विचार रोजचाच आहे. आज किती द्रव्ये घेणार, कोणत्या विगयींचा त्याग करणार, हे सकाळीच ठरते. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळलेले पदार्थ या सहा विगयींवर नजर टाकली तर घरखर्चाच्या वहीतील बहुतेक भारी रकमा तेथे सापडतात. अर्थात त्याग पैसा वाचवण्यासाठी केला तर तो त्याग उरत नाही, ती काटकसर होते. दोहोंची गल्लत नको. आणि अनुभव असा की गल्लत होण्याची भीती फारशी नसते, कारण आयंबिलाच्या ओळीत वाचलेले तूप पारण्याच्या दिवशी व्याजासकट वसूल होते.

याच कारणाने जैन कुटुंबाचे अंदाजपत्रक इंग्रजी महिन्यांच्या बारा सारख्या तुकड्यांत बसत नाही. चैत्र-वैशाखात वर्षाच्या गव्हाची, डाळींची, हळद-मिरचीची बेगमी होते आणि त्या महिन्याचा खर्च दीडपट दिसतो. चातुर्मासात अनेक घरांत पालेभाज्या बंद होतात, मग भार कडधान्यांवर, डाळींवर आणि पापड-वडीवर पडतो. पर्युषण, दशलक्षण, ओळी, त्यानंतरची पारणी, दर्शनाला जाणे-येणे, साधर्मिकांचा पाहुणचार, दिवाळीचा फराळ, प्रत्येकाची तिथी ठरलेली आणि प्रत्येकाचा खर्चही जवळपास ठरलेला. तेव्हा वर्षाचा एकूण आकडा काढून त्याला बाराने भागावे, दरमहा तेवढी रक्कम बाजूला काढावी आणि हलक्या महिन्यांत उरलेली शिल्लक जड महिन्यांसाठी राखावी, हा मार्ग अधिक खरा. पाहुणचाराचे खाते वेगळेच ठेवलेले बरे. ‘घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं’ ही म्हण ज्या घरात वारंवार आठवते, तेथे ते खाते उघडलेलेच नसते.

बेगमीविषयी एक सावधगिरी. दुकान घरचे असले की मोठ्या साठ्याची गरज नसते, तरी सवयीने साठा होतो. पावसाळ्यात धान्याला कीड लागते, मग निवडणे, उन्हात घालणे यात जीवहिंसा आणि नासाडी दोन्ही. पीठ थोडे थोडे दळून आणण्याची जुन्या श्राविकांची रीत यतनेची होतीच, शिवाय हिशोबाचीही होती. दुकानात पोते असताना घरात दुसरे पोते ठेवणे म्हणजे त्याच भांडवलाला दोन ठिकाणी अडकवणे.

देशाचे आकडेही पाहण्याजोगे आहेत. २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागात दरमाणशी मासिक खर्च ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये होता. त्यात अन्नाचा वाटा अनुक्रमे सुमारे ४७ आणि ४० टक्के. उत्पन्न वाढेल तसा खर्चातील अन्नाचा वाटा घटतो, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल याने १८५७ मध्ये दाखवले होते आणि १९९९-२००० च्या सुमारे ५९ व ४८ टक्क्यांशी तुलना केली तर आपल्याकडेही तेच घडलेले दिसते. परंतु अन्नाच्या आतली वाटणी बदलली आहे. पेये आणि तयार खाण्याच्या पदार्थांचा वाटा आता धान्याच्या वाट्याहून पुष्कळ मोठा झाला आहे. किराणा दुकानदाराला हे सांगायला सर्वेक्षण नको, त्याच्या दुकानाच्या दर्शनी भागात टांगलेल्या पुड्यांच्या माळा पुरेशा आहेत. त्याच माळांतून त्याची मुले रोज काय ओढतात, तेवढे मोजायचे राहते.

भावांच्या चढउतारांचे म्हणाल तर चाकणचा बाजार कांदा-बटाट्यासाठी प्रसिद्ध आणि तेथून हाकेच्या अंतरावरच्या कंदमूळ वर्ज्य करणाऱ्या घराला कांद्याच्या भावाची झळ नाही, ही एक गंमतच. २०१९ च्या डिसेंबरात कांदा किलोला शंभरी ओलांडून गेला तेव्हा या घरांत कोणाचे डोळे पाणावले नाहीत. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने तीच पातळी गाठली तेव्हा मात्र पाणावले. तेलाची गोष्ट निराळी. देशाच्या गरजेचे निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात होते, त्यामुळे युद्ध युक्रेनमध्ये होते आणि फोडणी कुरुळीत महागते. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरील मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के झाले आणि मे २०२५ अखेर ते १० टक्क्यांवर आले. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून तूप, लोणी व सुकामेव्यावरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्के, तर साबण व टूथपेस्टवरील १८ वरून ५ टक्के झाला. असे बदल झाले की अंदाजपत्रकातला भाव बदलावा, वजन बदलू नये. म्हणूनच मर्यादा रुपयांत बांधण्याआधी किलोत बांधलेली चांगली: महिन्याला तूप चार किलो म्हणजे चार किलो, मग भाव काहीही असो.

वजनाचे आणखी एक. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते, पण दिसायला तेवढ्याच असलेल्या पाकिटात त्याहून कमी तेल असू शकते. पाकिटावर एककाचा भाव छापण्याचा नियम आहे. गिऱ्हाइकाने तो वाचावा अशी अपेक्षा असते, घरच्यांनीही वाचायला हरकत नाही.

नोंद कोणी ठेवावी, हा खरा कळीचा मुद्दा. दुकानात बसणारा पुरुष ठेवील तर घरातल्यांना ती पहाऱ्यासारखी वाटते. घरातली स्त्री एकटीने ठेवील तर दुकानातून परस्पर जाणारा माल तिला कळत नाही. गल्ल्याशेजारी खिळ्याला अडकवलेली दोरीची वही हा मध्यम मार्ग बऱ्यापैकी चालतो. जो माल नेईल त्याने जिन्नस, वजन आणि तारीख लिहावी, मग ते आजोबा असोत वा चौथीतला नातू. महिनाअखेरीस सासूबाई व सुनेने एकत्र बसून त्यावर खरेदीभाव चढवावा आणि बेरीज उचल खात्यावर टाकावी. पहिल्या महिन्यात अर्ध्या नोंदी राहतील. त्या महिन्यात नुसते तूप आणि तेल एवढेच लिहिले तरी पुष्कळ झाले, कारण वरच्या हिशोबात या दोन जिनसांनीच ९,८०० पैकी ३,८०० रुपये खाल्ले आहेत. दिवाळीच्या वहीपूजनापर्यंत सहा-सात महिन्यांच्या बेरजा हाताशी आल्या की नव्या वहीत घराच्या किराण्याचा आकडा प्रथमच अंदाजाने न लिहिता मोजून लिहिता येईल, आणि शिल्लक मालाची मोजणी करताना दुकानातल्या पोराकडे पाहण्याआधी तो आकडा समोर असेल.