सिद्धगडाच्या पायथ्याशी जपान

दर वर्षी २ जानेवारीला मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या पायथ्याशी लोक जमतात. १९४३ साली याच दिवशी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे दोन क्रांतिकारक तेथील जंगलात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. हुतात्म्यांना अभिवादन होते, भाषणे होतात आणि उन्हे चढू लागली की मंडळी पांगतात. अशा प्रसंगीच्या भाषणांत काय, किंवा शाळा-महाविद्यालयांतील व्याख्यानांत काय, देशाच्या प्रगतीचा विषय निघाला की जपानचा दाखला दिला जाणार हे ठरलेले असते. जपानने चाळीस वर्षांत कात टाकली. मग आपल्याला पाऊणशे वर्षांत ते का साधू नये, असा सवाल वक्ता करतो आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जातो. त्या सवालाचे उत्तर शोधायला सिद्धगडाचा पायथा ही जागा वाईट नाही.

तारखांचा एक योगायोग आधी ध्यानात घ्यावा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात अमेरिकेच्या कमोडोर पेरीची काळी जहाजे एदोच्या उपसागरात शिरली आणि दोनशे वर्षांहून अधिक काळ परक्यांना दार न उघडणाऱ्या जपानचा कडी-कोयंडा निखळला. (ते दार अगदी बंद होते असेही नव्हे. नागासाकीजवळच्या देशिमा बेटावर डच व्यापारी होते आणि त्यांच्या ग्रंथांवरून शरीरशास्त्र व तोफखाना शिकणारे जपानी पंडितही होते.) जपानात पहिली आगगाडी धावली ती १८७२ साली, शिम्बाशी ते योकोहामा. म्हणजे यंत्राच्या शर्यतीत ठाणे जिल्हा टोकियोच्या एकोणीस वर्षे पुढे होता! आधुनिकता म्हणजे यंत्र, एवढाच जर हिशेब असता, तर आज जपानी वक्त्यांनी ठाण्याचा दाखला द्यायला हवा होता.

तसे झाले नाही, याचे कारण रुळांपलीकडे आहे. १८६८ साली शोगुनशाही संपून मेइजी सम्राटाच्या नावाने नवी राजवट सुरू झाली. तिच्या कर्त्या पुरुषांनी १८७१ साली देशातील सुमारे पावणेतीनशे सरंजामी संस्थाने एका फटक्यात खालसा केली. त्याच वर्षी अस्पृश्य गणलेल्या जातींचा वेगळा दर्जा कायद्याने रद्द झाला. १८७२ साली शिक्षणाचा कायदा आला आणि गावात एकही घर व घरात एकही माणूस निरक्षर राहू नये हे सरकारचे उद्दिष्ट म्हणून जाहीर झाले. जमिनीचे कागद कसणाऱ्या मालकाच्या नावाने झाले. १८७६ मध्ये सामुराईंच्या कमरेच्या तलवारी गेल्या आणि त्यांची वर्षासने रोख्यांत बदलली. हे सारे घडवून आणणारे बहुतेक लोक स्वतःच सामुराई घराण्यांतले होते. आपल्या वतनावर आपल्याच हाताने पाणी सोडणारा वर्ग इतिहासात क्वचित दिसतो. १८७७ साली सात्सुमाच्या सामुराईंनी बंड केले तेव्हा ते कुळवाड्यांच्या पोरांतून भरती केलेल्या फौजेने मोडले.

मात्र या चित्राची दुसरी बाजू आमचे वक्ते सांगत नाहीत. नव्या राज्याचा खर्च भागवायला जमिनीच्या किमतीच्या तीन टक्के रोख सारा बसला. पीक बुडाले तरी सारा चुकत नसे. शेतकऱ्यांनी दंगे केले, सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध उठाव केले, काही ठिकाणी तर नव्या शाळाच जाळल्या. कारण शाळेचा खर्च गावावर आणि कामाला लागणारे पोर वर्गात, हा सौदा त्यांना पटला नव्हता. सरकारला १८७७ मध्ये सारा अडीच टक्क्यांवर आणावा लागला. पुढे कर्जापायी जमिनी सावकारांकडे गेल्या आणि चाळीस टक्क्यांहून अधिक शेती कुळांकडून कसली जाऊ लागली. ती कुळांच्या नावावर झाली १९४६ नंतर, पराभवाच्या राखेतून आणि परक्या सेनापतीच्या देखरेखीखाली. मधल्या काळात याच आधुनिक राज्याने कोरिया गिळला आणि चीनमध्ये जे केले ते सर्वश्रुत आहे. तेव्हा जपानचे अनुकरण करा असे मोघम सांगणे धोक्याचे आहे. त्यातले काय घ्यावे ते महर्षी कर्व्यांना कळले होते. टोकियोच्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका त्यांच्या हाती आली. त्यांनी ती वाचली आणि १९१६ साली आपल्याकडचे पहिले महिला विद्यापीठ उभे केले. जपानच्या विजयाचे पोवाडे गाणारे १९०५ साली पुष्कळ होते. जपानची पुस्तिका वाचून कामाला लागणारे मोजकेच.

आता मुरबाडकडे वळू. या भागाला आपण सहजपणे ‘दुर्गम’ म्हणतो, जणू सह्याद्री उभा राहिला तेव्हापासून तो दुर्गमच होता. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नरकडे जाणारा नाणेघाट याच तालुक्याच्या माथ्यावर आहे. सातवाहन राणी नागनिकेचा लेख, त्यातले प्राचीन अंक आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण यांवरून दोन हजार वर्षांपूर्वी तेथून किती व्यापार चालत असेल याची कल्पना येते. सिद्धगड, गोरखगड हे किल्ले याच डोंगररांगेवर बसलेले आहेत. म्हणजे या मुलखाच्या अंगावरून जगाची वाट जात होती. ती वाट आडबाजूला पडली ती आगगाडीने. १८६३ साली बोरघाटाची आणि १८६५ साली थळघाटाची रेल्वे सुरू झाली. कल्याणहून एक फाटा कर्जतकडे गेला, दुसरा शहापूरवरून कसाऱ्याकडे. मुरबाड दोहोंच्या बेचक्यात राहिले. लमाणांचे तांडे ओसरले, घाट ओस पडले. पेरीच्या जहाजांनी जपानचा एकांतवास संपवला, त्याच सुमारास आगगाडीने मुरबाडचा एकांतवास सुरू केला, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

पाठोपाठ १८७८चा वनकायदा आला आणि भाताच्या रोपांसाठी झाडांच्या फांद्या छाटून राब भाजणारा ठाकूर-कातकरी आपल्याच रानात गुन्हेगार ठरला. १८९२ साली शहापूर तालुक्यातले तानसाचे पाणी मुंबईला जाऊ लागले. १९१५ साली खोपोलीची, १९२२ साली भिवपुरीची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली. नव्या युगाची एकेक वस्तू या मुलखातून गेली, पण येथे उतरली नाही. वीज डोक्यावरून गेली, पाणी पायाखालून गेले. कुळाच्या झोपडीत चिमणीच राहिली आणि आषाढात खावटीसाठी काढलेले भात सुगीत दिढीदुपटीने फेडायचे चुकले नाही. जपानात सरंजामदार मोडून राज्यसंस्था थेट गावात शिरली, शाळा व सातबारा घेऊन. आपल्याकडे परकी राज्यसंस्था सावकार आणि खोत यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

भाई कोतवालांचे मोठेपण या पार्श्वभूमीवर समजते. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला एका गरीब नाभिक कुटुंबात जन्मलेला हा माणूस शिकून वकील झाला. माथेरानच्या नगरपालिकेत त्याने काम केले, गोरगरिबांच्या मुलांसाठी शाळा काढल्या आणि सावकाराच्या कणगीला पर्याय म्हणून शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या सुरू केल्या. ज्यांनी १८७२चा जपानी शिक्षण कायदा कधी पाहिलाही नसेल अशा वाड्यांमध्ये तो कायदा एकटा माणूस आपल्या ऐपतीनुसार राबवीत होता. १९४२ साली त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. युद्धाला राबणारे कारखाने बंद पाडावेत हा त्यामागचा हेतू. ज्याने शाळा काढल्या त्याचे विजेशी वैर असण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या रानातून ते मनोरे गेले होते तेथल्या शेतकऱ्या-आदिवासींनी या दस्त्याला भाकरी दिली, वाट दाखवली. त्या माणसांना ते मनोरे पडल्याने आपले काही गेले असे वाटले नाही, याचाही अर्थ लावायला हवा.

स्वातंत्र्यानंतर बदल झाला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९४८चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ रोजी कसणाऱ्यास मालकी मिळाली. तथापि ज्याचे नाव कुळाच्या रकान्यात कधी लागलेच नव्हते, किंवा ज्याने ‘राजीखुशीने’ राजीनाम्यावर अंगठा उठवला होता, त्याला त्या तारखेचा उपयोग नव्हता. कातकऱ्यांच्या वाट्याला हे सर्वाधिक आले. वेठबिगारी १९७६च्या कायद्याने बंद झाली. पण वीटभट्टीवर पावसाळ्याआधीच घेतलेली उचल हिवाळाभर फेडणारी कुटुंबे या दोन तालुक्यांतून आजही बाहेर पडतात. पाण्याचेही तेच. मुंबईच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे. ते धरण शहापूर तालुक्यात आहे आणि त्याच तालुक्यातल्या गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

शिक्षणाचा हिशेब तर तारखांनीच मांडता येतो. जपानचा कायदा १८७२चा; विसाव्या शतकाच्या आरंभीच तेथील नव्वद टक्क्यांहून अधिक मुले शाळेत होती. गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९११ साली मांडले, ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. बालकांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. पेरीची जहाजे आली तेव्हाही जपानच्या खेडोपाडी देवळांच्या आश्रयाने व घरगुती पंतोजींकडे लिहिणे-वाचणे चालत होते, हे खरे. पण सरकारला लाज वाटेल एवढी तफावत त्याने भरून निघत नाही.

आणि आता, उशिरा का होईना, वाडीपर्यंत पोहोचलेली ती शाळा काढून घेण्याचा विचार अधूनमधून डोके वर काढतो. २०२३ साली राज्य शासनाने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांचे एकत्रीकरण करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागवले होते. मोठी शाळा, अधिक शिक्षक, प्रयोगशाळा, वाहनाची सोय, हे युक्तिवाद कागदावर बिनतोड आहेत. एका खोलीत चार इयत्ता सांभाळून वर टपाल आणि माहितीचे तक्ते भरणाऱ्या शिक्षकांना ते आकर्षकही वाटत असतील. त्यांना दोष देता येणार नाही. पण नियमाप्रमाणे प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, आणि सिद्धगडाच्या परिसरातला किलोमीटर हा नकाशावरचा किलोमीटर नव्हे. मध्ये ओढा असतो, चढ असतो, जुलैत दहा पावलांवरचे न दिसणारे धुके असते. वाहन वाडीपर्यंत येत नाही म्हणूनच तर तिला वाडी म्हणतात. वाडीतली शाळा गेली की आधी मुली घरी बसतील, मग भट्टीवर जाणाऱ्या आईबापांबरोबर धाकटी भावंडे जातील.

तेव्हा असा प्रस्ताव पुन्हा टेबलावर येईल त्या वेळी त्यावर शेरा मारणाऱ्या अधिकाऱ्याने एक करावे. जुलै महिन्यातल्या एखाद्या सोमवारी, वाडीतल्या पहिलीच्या मुलाचे बोट धरून, त्याच्या पावलाने, प्रस्तावित शाळेपर्यंत चालत जावे. लागलेला वेळ फायलीवर नोंदवावा आणि मग सही करावी.