विश्लेषण : खिशात मोबाइल असताना रोलचा कॅमेरा कशाला?

गेटवेहून आलेली लाँच शनिवारी सकाळी मांडव्याच्या धक्क्याला लागते, तेव्हा उतरणाऱ्या घोळक्यात हल्ली एखाद्याच्या गळ्यात रोल घालायचा जुना कॅमेरा दिसतो. कधी तो वडिलांच्या कपाटातला असतो, कधी ऑनलाइन शोधून घेतलेला. पुढचे दोन दिवस अलिबाग, नागाव, काशीद, मुरूड असे फिरताना त्याने कोणत्याही मोठ्या प्रसंगाचे फोटो काढले जात नाहीत. शहाळे पिणारा मित्र, एसटीची वाट पाहणारी मैत्रीण, ओल्या वाळूत रुतलेली स्कूटर, एवढेच. मोबाइलमध्ये हेच फोटो फुकटात आणि क्षणात निघतात. मग हा खटाटोप कशासाठी?

‘रोलचे रंग वेगळे दिसतात’ हे उत्तर सर्वाधिक ऐकू येते. तेवढेच कारण असेल तर पैसे वाया जात आहेत, असे माझे मत आहे. तसे रंग देणारी अ‍ॅप फोनमध्ये आहेत आणि दहा फोटोंत सरमिसळ केली तर बहुतेकांना फरक ओळखता येणार नाही. रोल वापरण्याचे खरे कारण दुसरेच आहे आणि नेमके तेच अनेक जण लॅबच्या काउंटरवर सोडून येतात.

रोलवर नेमके काय घडते?

फिल्मवरच्या जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण असतात. शटर उघडून उजेड पडला की या कणांत बदल होतो, पण डोळ्यांना काहीच दिसत नाही. प्रतिमा उमटते ती रसायनात धुतल्यावर. रंगीत निगेटिव्हसाठी जगभर सी-४१ ही पद्धत वापरली जाते. त्यात डेव्हलपरचे तापमान ३७.८ अंश सेल्सिअस आणि वेळ ३ मिनिटे १५ सेकंद अशी ठरलेली आहे. शेवटी चांदी निघून जाते आणि रंगद्रव्ये उरतात. ३५ मिलिमीटरच्या रोलवर अशा ३६ चौकटी बसतात. चौकट केवढी, तर ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढी.

तुमच्या मित्राच्या चेहऱ्यावरून निघालेला उजेड या पट्टीवर प्रत्यक्ष पडलेला असतो. ती पट्टी हातात धरता येते, दिव्यासमोर धरून पाहता येते. त्यासाठी पासवर्ड लागत नाही.

उजेडाची नोंद कागदावर जपून ठेवणे रायगडच्या किनाऱ्याला नवे नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतील भूचुंबकीय नोंदींचे काम १९०४ मध्ये अलिबागला आले. तिथे चुंबकाला लावलेल्या छोट्या आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा किरण फोटोग्राफीच्या कागदावर रेघ ओढत असे आणि मग तो कागद धुतला जाई. पर्यटकांचे कॅमेरे अलिबागला येण्याच्या कितीतरी आधी इथे रोजच्या रोज फोटो निघत होते म्हणायचे! त्या रेघा जपल्या म्हणूनच जुन्या चुंबकीय वादळांचा अभ्यास आजही करता येतो.

आपल्या अल्बममध्ये रोजचे जगणे का नाही?

‘आमच्या वेळी फोटोला किंमत होती’ असे म्हणणाऱ्यांनी आपलाच अल्बम उघडून पाहावा. त्यात लग्ने आहेत, बारशी आहेत, गणपतीची आरास आहे. कुलाबा किल्ल्यासमोर ताठ उभी राहिलेली मंडळी आहेत. मासळी बाजार नाही, शाळेत जायची सायकल नाही, ओटीवर गप्पा मारत बसलेले शेजारी नाहीत.

याला कारण पैसा. वडोदऱ्यात तयार होणाऱ्या आग्फाच्या ‘क्लिक ३’ कॅमेऱ्यात एका रोलवर १२ फोटो निघत. ऊटीची हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली आणि तिचा ‘इंदू’ हा कृष्णधवल रोल देशभर पोहोचला. ऐंशीच्या दशकात ‘हॉट शॉट’ आणि पुढे कोडॅकचा ‘केबी-१०’ मध्यमवर्गीय घरांत आला. कॅमेरा आला तरी रोल जपूनच वापरायचा असे. एकाच रोलवर आधी गणपती, मग दिवाळी आणि शेवटी मे महिन्यातले पाहुणे, असा प्रकार सर्रास होता.

गंमत म्हणजे त्या अल्बमांतले सर्वात बोलके फोटो रोल संपवण्यासाठी काढलेले आहेत. धुवायला टाकायचा तर दोन-तीन फोटो उरलेले असायचे. मग कोणीतरी अंगणात येऊन समोर दिसेल त्याचा फोटो काढून टाकी. तुळशीपाशी झोपलेले मांजर, भांडी घासता घासता वैतागून वर पाहणारी आत्या, दाराशी उभा असलेला पोस्टमन. आज रोल घेऊन मित्रांचे साधेसुधे फोटो काढणारी मुले त्या उरलेल्या दोन-तीन फोटोंचाच अख्खा रोल काढत आहेत. त्यांना नावे ठेवणाऱ्यांशी म्हणूनच मी सहमत नाही.

खर्च किती येतो?

कमी नाही. रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून दीड हजार रुपये धरले तर एक फोटो जवळपास ४२ रुपयांना पडतो. प्रिंट वेगळी. कोडॅकने २०१२ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला, तेव्हा रोलची गोष्ट संपली असेच वाटले होते. पण मागणी पुन्हा वाढली आणि २०२४ मध्ये पेंटॅक्सने ‘पेंटॅक्स १७’ हा कोरा करकरीत फिल्म कॅमेरा बाजारात आणला. तो एका चौकटीच्या जागेत दोन फोटो काढतो, म्हणजे ३६च्या रोलवर ७२. हातखर्चातून रोल घेणाऱ्यांना असा अर्ध्या चौकटीचा कॅमेरा सोयीचा पडतो.

महागाईचा एक फायदाही होतो. मोबाइलवर फोटो काढला की लगेच ‘दाखव, कसा आलाय’, मग ‘माझे डोळे मिटलेत, परत काढ’ आणि निम्मी सहल स्क्रीनवर माना घालण्यात जाते. रोलच्या कॅमेऱ्यात दाखवायला काहीच नसते. बटण दाबले जाते आणि गप्पा पुढे सुरू होतात.

किनाऱ्यावर काय सांभाळायचे?

आपला समुद्र पश्चिमेला आहे, ही साधी गोष्ट फोटो काढताना विसरली जाते. सगळे जण संध्याकाळी किनाऱ्यावर जमतात, समुद्राकडे पाठ करून उभे राहतात आणि चेहरे काळे येतात. समुद्र मागे हवा असेल तर सकाळी या. ऊन जमिनीकडून थेट चेहऱ्यावर पडते. संध्याकाळीच काढायचा असेल तर मित्राला समुद्राकडे तोंड करून उभे करा. मागे सुरूचे बन किंवा नारळाची वाडी येईल, तीही वाईट दिसत नाही.

दिवसा २०० आयएसओचा रोल पुरतो. लख्ख उन्हात शटर १/२५० आणि अ‍ॅपर्चर १६ ठेवले तर मीटर बंद असला तरी अडत नाही. शंका असेल तेव्हा थोडा उजेड जास्तच द्या. रंगीत निगेटिव्हला जास्त उजेड चालतो, कमी चालत नाही. थंडीतल्या पोपटीचे फोटो मात्र २०० च्या रोलवर फ्लॅशशिवाय विसरा. वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याच्या पाल्याने भरलेले मडके जाळात धगधगत असते, तेव्हा उजेड भरपूर आहे असे डोळ्यांना वाटते. फिल्मला तसे वाटत नाही.

रोल बदलायचा तो सावलीत आणि वाळूपासून दूर. किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाताना कॅमेरा पिशवीत बंद हवा. खारे पाणी एकदा आत गेले की दुरुस्ती अवघडच. भरल्यानंतर दोन-तीन फोटो होईपर्यंत रोल गुंडाळायच्या खुंटीकडे लक्ष ठेवा. फोटो पुढे सरकवताना ती फिरली पाहिजे. ती फिरत नसताना मी एकदा राजपुरीहून जंजिऱ्यापर्यंतचा सगळा दिवस टिपला होता. रोल आत जागचा हललाच नव्हता.

पावसाळा हा खरा शत्रू. कोकणातल्या दमट हवेत लेन्सवर आणि फिल्मच्या जिलेटिनवर बुरशी चढते. चामड्याच्या जुन्या कव्हरात कॅमेरा ठेवू नका, ते ओल धरते. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेल, एवढे पुरे.

मग लॅबमध्ये काय सुटते?

निगेटिव्ह. अनेक जण रोल धुवायला देतात, स्कॅन केलेले फोटो फोनवर मागवतात आणि निगेटिव्ह परत घ्यायला जातच नाहीत. म्हणजे दीड हजार रुपये खर्चून पुन्हा मोबाइलमधलेच फोटो मिळाले. ते कुठे राहणार? १ जून २०२१ पासून गुगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण बंद झाली. फोन बदलतात, पाण्यात पडतात, खात्यांचे पासवर्ड विसरले जातात. निगेटिव्ह असेल तर वीस वर्षांनी आणखी चांगल्या यंत्रावर पुन्हा स्कॅन करता येते, मोठी प्रिंट काढता येते. रंगीत निगेटिव्हही उष्णतेने आणि दमटपणाने फिकी होते, हे खरे. त्यामुळे ती कौलांखाली पोटमाळ्यावर ठेवू नका. कागदी पाकिटात घालून खोलीतल्या कपाटात ठेवा. चिकट पानांचे अल्बमही टाळा, त्यातून पुढे प्रिंट सुटत नाहीत.

प्रिंटच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि तारीख लिहा. चेहरे लक्षात राहतील असे वाटते, पण राहत नाहीत. अल्बम भिजलाच तर प्रिंट एकमेकींना चिकटून वाळू देऊ नका. स्वच्छ पाण्यात अलगद सोडवून सुट्या पसरा. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात किनाऱ्यावर घरांची छपरे उडाली, तेव्हा हे कुणाला सुचणार होते, हा भाग वेगळा.

हे सगळे एवढ्या ठासून लिहिण्याचे एक कारण आहे. डिसेंबर १९९८ मध्ये आम्ही पाच मित्रांनी वर्गणी काढून एक रोल घेतला आणि ओहोटीला कुलाबा किल्ल्यात गेलो. आमच्यातल्या एकाला फोटो काढता येत असत, त्यामुळे कॅमेरा त्याच्याकडे आणि फोटोंत बाकीचे चौघे. परत येईपर्यंत पाणी चढू लागले आणि कमरेपर्यंत भिजलो. किनाऱ्यावर पोहोचल्यावर एकच फोटो उरला होता. रोल त्याच संध्याकाळी धुवायला टाकायचा म्हणून मी कॅमेरा हिसकावून त्याचा काढला. पँट पिळता पिळता तो मला शिव्या देतो आहे, असा.

२०२१ मध्ये तो गेला. त्याच्या फोनचा पॅटर्न घरात कुणाला माहीत नव्हता. हार घालायला ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला, आणि तो त्याच्यासारखा दिसतच नव्हता. लॅबने रोलच्या सहा-सहा फोटोंच्या पट्ट्या करून दिल्या होत्या आणि आम्ही त्या आपसात वाटून घेतल्या होत्या. शेवटची पट्टी माझ्याकडे होती, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. कडेला ३६ हा आकडा स्पष्ट होता. त्याची नवी प्रिंट काढून दिली, तेव्हा त्याच्या मुलीने विचारले, ‘काका, बाबांनी काढलेले बाकीचे फोटो कुठे आहेत?’

सहापैकी तीन पट्ट्या मिळाल्या आहेत. एक वादळात गेली. उरलेल्या दोन आमच्या एका मित्राच्या नागावच्या घरी, जुन्या ट्रंकेत असाव्यात. तो पनवेलला राहतो. गणपतीला घरी जाईन तेव्हा शोधतो म्हणाला आहे.