निर्जन म्हणजे नक्की काय?

सायकलवर एकट्याने भटकणाऱ्या मंडळींचा एक लाडका शब्द असतो: 'निर्जन'. निर्जन रस्ता, निर्जन किनारा, निर्जन दरी. प्रवासवर्णनांत तर हा शब्द नेहमी कौतुकानेच येतो, जणू निसर्गाने खास आपल्यासाठी जागा राखून ठेवली होती! माझं मत असं की हा शब्द जरा जपून वापरावा. निदान स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या आइल ऑफ मलबद्दल तरी. (नावाला एकदा हसून घ्या. उच्चार तसाच आहे, त्याला माझा इलाज नाही. बेट मात्र फार देखणं आहे.)

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी तीन दिवसांत या बेटाला सायकलने फेरी मारली. एकट्यानेच. ओबनहून बोटीने पाऊण-एक तासात क्रेग्न्यूरला उतरायचं. तिथून सॅलन, टोबरमोरी, डरवेग, कॅलगरी, मग किनाऱ्याकिनाऱ्याने ग्रूलिन, ग्रिबनचे कडे, आणि शेवटी ग्लेन मोअरचा लांबलचक चढ चढून परत क्रेग्न्यूर. साधारण १४० किलोमीटर. आकडा ऐकून 'हात्तिच्या!' म्हणाल, पण सपाट रस्ता तिथे औषधालाही मिळत नाही. डरवेगच्या आधीच्या नागमोडी चढावर मी सगळ्यात हलक्या गिअरवर धापा टाकत होतो आणि रस्त्याकडेची एक मेंढी चरत चरत माझ्या बरोबरीने येत होती. रस्ता एकपदरी. समोरून गाडी आली की 'पासिंग प्लेस' अशी पाटी असलेल्या फुगवट्यात थांबायचं, हात दाखवायचा, पुढे जायचं. पण गाडी येणार कुठून? तास-तासभर कुणीच नाही. वारा, समुद्र, आणि आपण. सुख सुख म्हणतात ते हेच!

पण चढावर सायकलचा वेग असतो ताशी सात-आठ किलोमीटर. सोबत बोलायला कुणी नसतं, त्यामुळे माणूस आपोआप आजूबाजूला बघायला लागतो. गाडीतून जे हिरवं हिरवं म्हणून मागे पडतं, ते सायकलवरून नीट वाचता येतं. डोंगरउतारावर समांतर वरंबे दिसतात, रजईच्या टाक्यांसारखे. मी कोकणातला. कुदळीने केलेली जमीन मला कळते. हे वरंबे बटाट्याचे आणि धान्याचे. त्यांच्या जवळपास नेच्यात बुडालेल्या दगडी भिंती, छप्पर नाही, दाराची जागा तेवढी उघडी. एक घर नाही, अख्खी वाडी!

१८२१ साली मल बेटावर दहा हजारांहून जास्त माणसं राहत होती. २०११च्या जनगणनेत तीन हजारसुद्धा भरली नाहीत. बेट ८७५ चौरस किलोमीटरचं. म्हणजे मी ज्या शांततेवर खूश होतो, तिचं वय दोनशे वर्षांच्या आतलं आहे.

झालं काय, तर त्या काळी समुद्रातलं शेवाळ जाळून त्याची राख काच आणि साबणाच्या कारखान्यांना विकत. त्या कामाला माणसं लागत, तोवर जमीनदारांना माणसं हवी होती. नेपोलियनची युद्धं संपली, परदेशी माल परत स्वस्तात येऊ लागला, राखेचा भाव कोसळला. मग हिशेब असा मांडला गेला की कुळांपेक्षा मेंढ्या परवडतात. त्यात १८४६ साली बटाट्यावर रोग पडला.

मलच्या पश्चिमेला उल्वा नावाचं चिमुकलं बेट आहे. धक्क्यावरच्या फळीवरचा लाल रंग उघडा केला की पलीकडून होडी येते. १८३७ साली या एवढ्याशा बेटावर ६०४ माणसं होती. फ्रान्सिस विल्यम क्लार्क या मालकाने १८४६ ते १८५१ या काळात त्यातली बहुतेक हुसकून लावली.

या उल्वाचा आपल्या मुंबईशी एक धागा आहे. लॅक्लन मक्वॉरी १७६२ साली इथे जन्मला असं मानतात. १७८८ साली तो सैन्यातून मुंबईत आला. १७९३ साली तिथेच जेन जार्विसशी लग्न केलं. तीन वर्षांत ती गेली, तिचं दफन मुंबईत झालं. हिंदुस्थानात केलेल्या कमाईतून त्याने मलवर जमीन घेतली आणि तिला नाव दिलं जार्विसफील्ड. पुढे तो ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर झाला. रस्त्यापासून थोडं आत, ग्रूलिनला त्याची समाधी आहे. तिच्यावर त्याला ऑस्ट्रेलियाचा पिता म्हटलं आहे. १८१६ साली याच गव्हर्नरच्या हुकमावरून सैन्य तिथल्या मूळ रहिवाशांवर चालून गेलं आणि ॲपिनजवळ किमान १४ जण मेले, बायका-मुलंसुद्धा. म्हणजे एका बेटाच्या मुलाने हजारो मैलांवर जाऊन दुसऱ्यांची जमीन मोकळी करायला हातभार लावला. तिथलेही डोंगर मग कुणाला तरी 'निर्जन' वाटले असणार.

यावर कुणी म्हणेल, अहो, चार दिवस सुट्टीला जाता, तिथेही इतिहासाचं ओझं कशाला? आणि सगळेच काही हाकलले गेले नाहीत. खरं आहे. कित्येक जण भुकेने गेले, कित्येक चांगल्या दिवसांच्या आशेने कॅनडाला, ग्लासगोला गेले. आमच्या वाडीतली निम्मी घरंही बंदच असतात. पण त्या घरांच्या किल्ल्या शेजाऱ्यांकडे असतात. गणपतीला चाकरमानी येतात, दारं उघडतात, चूल पेटते. आपणहून जाणं आणि घालवलं जाणं यातला फरक मला त्या किल्लीत दिसतो. उल्वावरच्या ओर्मेगच्या भिंतींना किल्लीच उरलेली नाही.

म्हणून एकांताचा आनंद घेऊ नये असं मी म्हणत नाही. मी तो पुरेपूर घेतला, पुन्हाही घेईन. माझा आक्षेप फक्त 'माणसाचा हात न लागलेला निसर्ग' या कौतुकाला आहे. ते म्हणताना आपण नकळत हुसकून लावणाऱ्याचीच बाजू घेतो. तिथे कधी कुणी नव्हतंच, असं ठरवून टाकतो. आणि मग आणखी एक गोष्ट होते: तिथे पुन्हा कुणी राहायला आलं, शाळा, गोठे, दोन नवी घरं दिसली, की आपल्यासारख्या पाहुण्यांनाच वाटतं, जागा बिघडली!

२०१८ साली स्थानिक लोकांच्या संस्थेने, मुख्यतः सरकारी भूमी निधीच्या मदतीने, उल्वा बेट विकत घेतलं. तेव्हा तिथे जेमतेम पाच-सहा माणसं राहत होती. बेटावर पुन्हा वस्ती वाढवायची, हा त्यांचा उद्देश. काम सोपं नाही. घरं दुरुस्त करायची, उपजीविका उभी करायची, आणि हे सगळं होडीतून ने-आण करून.

ते जमावं असं मला मनापासून वाटतं. पुढच्या खेपेला त्या होडीत माझ्या सायकलशेजारी शाळेची दप्तरं असली आणि त्यापायी माझा एकांत थोडा कमी झाला, तर माझी काही तक्रार नाही.