कोयीचा बाप कोण?

आमच्या परड्यातला आंबा काढायचा, असं गेल्या उन्हाळ्यात घरात ठरलं. जागेच्या वाटण्या झाल्या, झाड दिरांच्या वाट्यात आलं, आणि त्यांना तिथं घर बांधायचं आहे. त्यात त्यांची चूक काहीच नाही. पण झाड सासऱ्यांनी लावलेलं. जात म्हणाल तर रायवळ. तरी गर घट्ट, धागा नाही, लोणच्यालाही चालणारा आणि रसालाही.

निर्णय ऐकून आमच्या अत्ती एक शब्द बोलल्या नाहीत. (अत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, धारवाडकडच्या. मराठी आमच्याइतकीच छान बोलतात, पण राग आणि माया मात्र कानडीतच.) दुसऱ्या दिवशी बघते तर तेलाच्या रिकाम्या डब्यांत माती भरून त्यांनी चौदा कोयी लावलेल्या. मला म्हणाल्या, "अदऽ गिडा, अदऽ हण्णू. झाड गेलं तरी जाणार नाही."

मी गप्प बसले. त्याला एक जुनं कारण होतं. याच आंब्याच्या कोयीचं एक रोप अत्तींनी बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या वन्संना दिलं होतं. त्यांनी ते खानापूरकडच्या शेतात लावलं, पाणी घालून वाढवलं. नवव्या वर्षी फळ आलं ते आंबट आणि धाग्यांनी भरलेलं! अत्तींनी एक फोड तोंडात घातली आणि ताट बाजूला सारलं. उघड काही बोलल्या नाहीत, पण मनात पक्कं बसलं की लेकीनं वडिलांच्या आंब्याचं रोप मारलं आणि भलतंच झाड दाखवलं. वन्संना ते कळलं. तेव्हापासून त्यांच्या शेतातली आंब्याची पाटी आमच्या घरी आली नाही. माहेरी येणं-जाणं होतं, पण आंब्याचा विषय निघाला की दोघी दोन दिशांना बघायच्या.

मी मराठीची एम.ए. मला यातलं काय कळणार? ते कळलं माझ्या लेकीमुळे. ती पी.यू.च्या पहिल्या वर्षाला, सायन्सला. जुलैत तिची टेस्ट होती आणि वनस्पतींच्या गटांचा धडा काही केल्या डोक्यात जाईना. सगळी नावं इंग्रजीतली, घोकून घोकून पोरगी रडकुंडीला आली. मी म्हटलं, पुस्तक ठेव, छत्री घे, परड्यात चल. अत्तीही मागोमाग आल्या.

विहिरीच्या कठड्यावर पावसात मखमलीसारखा हिरवा थर चढतो ना, तिथून सुरुवात केली. आपण त्याला सरसकट शेवाळ म्हणून मोकळे होतो, कानडीत पाची. पण पाण्यातलं बुळबुळीत शेवाळ वेगळं आणि हे बारीक पानांचं मॉस वेगळं. मॉसला फूल नाही, बी नाही, खरी मुळंही नाहीत. त्याच्या नरपेशी पोहत मादीपेशीकडे जातात, म्हणून अंगावर पाण्याची निदान पातळ साय तरी हवी. मग काडीच्या टोकाला एवढीशी कुपी येते आणि तिच्यातून धुळीसारखे बीजाणू उडतात. मॉसला वनस्पतींतले बेडूक म्हणतात ते यासाठीच. राहायला जमीन, पण संसाराला पाणी.

कठड्याच्या फटीत नेचा होता, ज्याला अत्ती जरीगिडा म्हणतात. लेकीनं पान उलटं करून दाखवलं तर मागं तपकिरी ठिपके ओळीनं बसवलेले. अत्ती म्हणाल्या, "कीड लागली की गं!" मलाही इतकी वर्षं तसंच वाटत होतं. त्या असतात बीजाणूंच्या पुड्या. गंमत अशी की बीजाणू रुजला की त्यातून नेचा उगवत नाही. नखापेक्षाही लहान, बदामाच्या आकाराचा एक हिरवा पापुद्रा उगवतो. त्याच्यावर नर-मादी पेशी तयार होतात, पुन्हा पाण्यातून पोहणं होतं आणि मग कुठं नेचा जन्माला येतो. म्हणजे एक पिढी नेच्याची, एक पापुद्र्याची. हे पिढ्यांचं आलटून-पालटून येणं विल्हेल्म होफमाइस्टर या जर्मन माणसानं 1851 साली नीट मांडलं, तेव्हा तो 27 वर्षांचा होता. घरचा धंदा पुस्तकं आणि संगीताची छपाई, कॉलेजची पदवी नाही. तरी पुढं 1863 मध्ये हायडेलबर्गला प्राध्यापक झाला. आमच्यासारख्या पदव्या मिरवणाऱ्यांनी हे वाचून थोडं खाली बघावं.

पुढचा गट सायकसचा. तो परड्यात नाही, आमच्या कॉलेजच्या पोर्चपुढे आहे. याला बी येतं, पण फळात झाकलेलं नसतं, उघडंच. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. परागकण वाऱ्यानं किंवा किड्यांनी जातात, त्यामुळे पावसाची वाट बघावी लागत नाही. तरी आत गेल्यावर शेवटच्या टप्प्यात त्याच्या नरपेशी पोहतातच, जुनी सवय सुटलेली नाही! जपानच्या इकेनोंना हे 1896 मध्ये दिसलं.

आणि मग आंबा. मोहोराच्या एकेका तुऱ्यात शेकड्यांनी फुलं असतात, कधी हजारांनी. त्यांतली कितीतरी नुसती नर. धरतात ती बोटांवर मोजण्याइतकी. परागकण इकडून तिकडे नेण्याचं काम माश्या आणि मधमाश्या करतात. लेक बोलता बोलता म्हणाली, "म्हणजे अज्जी, कोयीची आई आपलं झाड. बाप कोण ते माशीलाच ठाऊक. शेजारचा असेल, नाहीतर रस्त्यापलीकडचा."

अत्ती हसल्या. मग हसता हसता थांबल्या. डब्यांतून वर आलेल्या तांबूस कोंबांकडे बघत राहिल्या. "म्हणजे ही झाडं तशीच होणार नाहीत?" लेकीनं मान हलवली. केरळातल्या ओलूरसारख्या काही जातींत एका कोयीतून अनेक कोंब येतात आणि बरेचसे आईची हुबेहूब नक्कल असतात, पण आपल्याकडच्या हापूसचं तसं नाही, आणि आपल्या या झाडाचंही नसणार. वन्संचं झाड तेच सांगत होतं.

अत्ती छत्री न घेताच आत गेल्या. मला वाटलं वाईट वाटलं. स्वयंपाकघरातून फोनवरचा आवाज आला, कानडीत, हळू. सगळं ऐकू आलं नाही, आणि आलं ते लिहिणार नाही. "नंदऽ तप्पात," एवढं दोनदा ऐकलं.

झाड तसंच हवं तर बी नको, फांदीच हवी. उसाला तुरा येतो तरी शेतकरी कांडीचं बेणंच लावतो, केळीचा पिल्ला खणून लावतो, त्यातलाच हा प्रकार. ओळखीच्या रोपवाटिकेतून एक माळी आले. त्यांनी आधी झाडावरच्या तीन-चार महिने वयाच्या काड्या निवडून पानं खुडायला सांगितलं. आठ-दहा दिवसांनी आले आणि अत्तींच्याच डब्यांतल्या कोंबांवर कोय कलम बांधलं. कोंब वरून कापायचा, मधोमध चीर द्यायची, काडीला पाचर तासून तीत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट गुंडाळायचं. खाली मूळ कुठल्याही बापाचं असो, वरचं झाड सासऱ्यांचंच. वन्सं त्या दिवशी मुद्दाम आल्या होत्या. पट्टीचं टोक धरून बसल्या होत्या.

चौदापैकी नऊ कलमं धरली. दोन वन्संनी नेली, दोन दिरांनी नव्या घरापुढं लावायला मागून घेतली. आंबा दिवाळीनंतर काढला. त्या दिवशी अत्ती घरी थांबल्या नाहीत, खानापूरला लेकीकडे गेल्या. येताना निरोप देऊन आल्या, की वैशाखात तुझ्या त्या आंबट झाडाच्या कैऱ्या पाठव, यंदाचं लोणचं त्यांचंच घालायचं.