पर्यटक आले म्हणून भट्टी विझवायची?

११ जुलै २०२५ रोजी पन्हाळगडाचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना तो मान मिळाला, त्यांत आपला गड आहे याचा आनंद कोणाला होणार नाही? परंतु त्या आनंदाच्या पाठोपाठ एक युक्तिवादही कानी पडू लागला आहे. आता पर्यटन वाढेल, तालुक्यातील तरुणांना गडावरच रोजगार मिळेल, शिरोलीच्या फाउंड्रीत धूळ खात बसण्याचे कारण उरणार नाही, असे मोठ्या उत्साहाने सांगितले जाते. वाचकहो, हा युक्तिवाद वाटतो तितका निरुपद्रवी नाही. उद्या कारखाने बंद पडले तर जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्न तो आजच गुंडाळून ठेवतो.

२०११ च्या जनगणनेत पन्हाळा शहराची वस्ती जेमतेम तीन हजारांच्या घरात होती. निवासाच्या खोल्या, झुणका-भाकरीची दुकाने, वाहनतळाच्या पावत्या यांवर किती संसार चालतील? आणि ते पावसाळ्यात व सुट्ट्यांतच. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या वसाहतींसह कोल्हापूर परिसरात सुमारे तीनशे फाउंड्री आहेत. मोटारी, ट्रॅक्टर व पंपांचे सुटे भाग तेथे ओतले जातात. तालुक्यातील वाड्यावस्त्यांवरचा तरुण सकाळी डबा घेऊन दुचाकीने खाली उतरतो, तो या भट्ट्यांकडे.

हे काम सोपे नव्हे. वाळूचा साचा किती दाबायचा, कोअर कोठे बसवायचा, रस केव्हा ओतायचा, हे पुस्तकात वाचून येत नाही. फेटलिंगला बसलेला माणूस कास्टिंगच्या कडा घासतो तेव्हा उडणारी सिलिकाची धूळ त्याच्या फुप्फुसात जाते, आणि सिलिकोसिसवर औषध नाही. या कास्टिंगचा भाव मात्र किलोवर ठरतो. लोखंडाचे वजन होते, हाताचे होत नाही. लहान फाउंड्रीवालाही येथे सर्वस्वी मोकळा नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. दर ठरवणारी आणि बिल अडकवून ठेवणारी बडी कंपनी त्याच्याही मानेवर बसलेली असते.

आता विजेच्या मोटारी येत आहेत. त्यांना ब्रेक लागतील, परंतु सिलिंडर ब्लॉक, सिलिंडर हेड, एक्झॉस्टचे नळकांडे लागणार नाही. कोल्हापूरच्या ओतकामाचा मोठा भाग ज्या वस्तूंवर उभा आहे, नेमक्या त्याच वस्तू नाहीशा होणार. हे संकट आभाळातून कोसळणारे नाही. ते सर्वांना दिसते आहे. म्हणूनच 'काळाचा महिमा' म्हणून हात झटकणे मला बेइमानीचे वाटते.

कोल्हापूरने असा एक पालट पचवलेला आहे. शेतीच्या ऑईल इंजिनांवर उद्यमनगर वाढले. पुढे विहिरींवर विजेचे पंप आले आणि इंजिनांची मागणी ओसरली. तरी गाव बुडाले नाही. साचा करणारे आणि लेथवर उभे राहणारे हात गावातच होते, ते मोटारींच्या भागांकडे वळले. उलट राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये पाया घातलेली शाहू मिल २००३ मध्ये बंद पडली, तेव्हापासून तेथे काय उभारायचे याचीच चर्चा अधिक झाली. विणकर कोठे गेले, याची चर्चा कोणी केली?

तळेगावला जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये मोटारी बनवणे थांबवले. कामगारांना कमी करण्यात आले आणि २०२३ मध्ये ह्युंदाईशी विक्रीचा करार झाला. करारात जमीन होती, इमारती होत्या, काही यंत्रेही होती. माणसे मालमत्तेत मोडत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेतील डेट्रॉईट, जेथे मोटारीचा कारखाना म्हणजेच शहर असे समीकरण होते, तेथे १९५० मध्ये साडेअठरा लाख लोक राहत. २०२० मध्ये साडेसहा लाखही उरले नव्हते. मधल्या काळात, २०१३ मध्ये, शहरानेच दिवाळे काढले आणि निवृत्त कर्मचाऱ्यांच्या पेन्शनला कात्री लागली.

आपला कायदा यावर काय म्हणतो? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार तीनशेपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला कामगारकपातीसाठी वा टाळे लावण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागत नाही. पूर्वी ही मर्यादा शंभराची होती. आमच्या बहुतेक फाउंड्री या नव्या मर्यादेच्या आतच बसतात. नवे कौशल्य शिकण्यासाठी कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात मालकाने पंधरा दिवसांचा पगार भरावा, असेही संहितेत आहे. पंधरा दिवसांत कोणते कौशल्य येते? साचा धरायला शिकण्यातच वर्षे गेलेली असतात. आणि कंत्राटदाराच्या वहीतला माणूस तर मालकाच्या हिशेबात कामगारच नसतो. श्रमाचा मान भांडवलाच्या आधी, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या परिपत्रकात लिहिले होते; आमच्याकडे श्रमाची नोंदही कंत्राटदाराच्या मर्जीवर आहे.

पर्यटकांना गडावर अंबरखाना दाखवतात. गंगा, यमुना, सरस्वती या त्याच्या धान्यकोठ्या. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा पडला, तेव्हा गडाने महिनोन्‌महिने तग धरला तो तटबंदीइतकाच साठवलेल्या दाण्यावर. वेढा पडल्यावर कोठी भरता येत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. नव्या यंत्रांसाठी, नव्या मोटारींच्या भागांसाठी ज्या कारखान्याला सरकारी अनुदान वा सवलत मिळेल, त्याने आपल्या सर्व कामगारांची, कंत्राटी धरून, नावानिशी यादी द्यावी. त्या यादीतील प्रत्येकाला कामाच्या वेळेत, पूर्ण पगारावर नवे काम शिकवावे. फेटलिंगच्या जागी धूळ खेचणारी यंत्रणा आहे की नाही, हेही त्याच वेळी तपासावे. कारखानदारांच्या संघटना वीजदरासाठी मुंबईला शिष्टमंडळे नेतात, दर उतरला नाही तर सीमेपलीकडे कर्नाटकात जाऊ असे बजावतात. पुढच्या शिष्टमंडळाच्या निवेदनात या यादीचे एक कलम घालायला त्यांची हरकत असेल, तर ती त्यांनी उघडपणे सांगावी. आणि पर्यटनाच्या आराखड्यावर गावोगाव बैठका घेणाऱ्या आमच्या लोकप्रतिनिधींनी त्याच बैठकीत सांगावे, की तालुक्यातून रोज किती तरुण शिरोलीला उतरतात आणि त्यांतल्या किती जणांचे नाव हजेरीपटावर आहे.