ट्रायलची हीट कोणाच्या खात्यात?

महिन्याची पंचवीस तारीख उलटली की शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या बऱ्याच कारखान्यांत 'आर अँड डी' खात्याला सुट्टी लागते. तशी नोटीस कोणी काढत नाही. डिस्पॅचचे टार्गेट अपुरे असते, भट्टी मोकळी नसते, मोल्डिंगला नेहमीचे जॉब रांगेत असतात आणि नव्या बाइंडरची किंवा नव्या इनॉक्युलंटची ट्रायल 'एक तारखेनंतर बघू' म्हणून ढकलली जाते. एक तारखेला मागच्या महिन्याच्या रिजेक्शनची मीटिंग. पाच-सहा तारखेला ग्राहकाचा ऑडिटर. मग दहा-बारा दिवस कसेबसे मिळतात, तोवर पंचवीस तारीख पुन्हा दारात. खात्याच्या दारावर पितळी पाटी आहे, आत सिम्युलेशनचे सॉफ्टवेअर आहे, मेटॅलर्जीचा एक पदवीधरही आहे. त्याच्या वाट्याला भट्टी तेवढी येत नाही.

हातकणंगले तालुक्यात बसून हे मासिक काढताना आम्हाला तीन धंदे रोज दिसतात. शिरोलीत लोखंड ओतले जाते, इचलकरंजीत कापड विणले जाते आणि हुपरीत चांदी घडवली जाते. शिवाय कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत मोठ्या कंपन्यांचे प्रकल्प आहेत. या अंकात बोलायचे आहे ते ओतकामाबद्दल, कारण संशोधन खात्याची सर्वाधिक कोंडी तिथेच होते. संगणकावर एखादी कल्पना दुपारी सुचली तर संध्याकाळी तपासता येते. फौंड्रीत ती तपासायला वाळू, पॅटर्न, भट्टी, लॅडल आणि सहा माणसे लागतात, आणि ही सगळी प्रॉडक्शनची असतात.

आपल्याकडचे हे खाते प्रत्यक्षात काय करते? ग्राहकाचे ड्रॉइंग येते. त्यावरून पॅटर्न, कोअर बॉक्स, मेथडिंग, मग सॅम्पल, मग पीपीएपीची फाइल. हे अवघड काम आहे आणि ते आपल्याला उत्तम येते. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झाले, १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ चे निकष आले. प्रत्येक वेळी इंजिने बदलली, भिंती पातळ झाल्या, कोअर गुंतागुंतीचे झाले, आणि नवी ड्रॉइंग शिरोली-गोकुळ शिरगावात येऊन पडली. कास्टिंग वेळेत गेली. पण या सगळ्यात प्रश्न ग्राहकाचा होता, उत्तर आपले होते. ज्या प्रश्नाची पर्चेस ऑर्डर कोणी दिलेली नाही, तो विचारणारे माणूस आपल्या कारखान्यात कुठे बसते? सिलिंडर ब्लॉक, लायनर, पिस्टन, फ्लायव्हील हाउसिंग यांवर ज्यांचे पोट आहे, त्यांनी विजेवरच्या गाड्यांचा विचार ग्राहकाचे शेवटचे ड्रॉइंग येऊन गेल्यावर करायचा का?

कोल्हापूरला प्रयोगांची परंपरा नाही असे कोणी म्हणू नये. म्हादबा मेस्त्रींनी इथे ऑईल इंजिन उभे केले, ते कुठल्या संशोधन खात्याच्या जोरावर नव्हे. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या भोवती जमलेल्या माणसांत शंभूराव जांभेकर आणि अनंतराव फळणीकर हे कॉलेज-शाळा अर्ध्यावर सोडलेले गडी होते आणि कारखान्याचे इंजिनिअरिंग त्यांच्याच जिवावर चालले. या परंपरेचा अभिमान सगळ्यांनाच आहे. तिचा एक तोटा मात्र आपण सहसा बोलत नाही. तिच्यात संशोधन हे मालकाच्या किंवा मेस्त्रीच्या डोक्यात असते. मालक स्वतः भट्टीजवळ उभा राहून 'आज हे टाकून बघू या' म्हणायचा, तेव्हा त्या हीटचा हिशेब विचारायची कोणाची छाती नव्हती. पुढची पिढी आली, खाते झाले, पाटी लागली. 'टाकून बघू या' म्हणण्याचा अधिकार मात्र केबिनमध्येच राहिला.

शिरोलीत आज जे एसजी आयर्न रोज ओतले जाते, त्याचा जन्म कसा झाला हे खाते चालवणाऱ्याने एकदा नीट वाचावे. १९४३ साली अमेरिकेत इंटरनॅशनल निकेल कंपनीच्या प्रयोगशाळेत कीथ मिलिस नावाचा धातुतज्ज्ञ क्रोमियमला पर्याय शोधत होता. युद्धामुळे क्रोमियमची टंचाई होती आणि कंपनीचे 'नाय-हार्ड' हे झिजेला टिकणारे पांढरे बीड त्यावर अवलंबून होते. वेगवेगळी मूलद्रव्ये टाकून पाहताना त्याने मॅग्नेशियमही टाकले. पुढे त्यातून जे हाती आले त्याचा क्रोमियमशी काही संबंध नव्हता. ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात बसले होते आणि ठिसूळ बीड वाकू लागले होते. कंपनीने 'तुला सांगितले काय, तू केलेस काय' असे विचारले नाही. पाच वर्षे ते काम चालू ठेवले, आणि पेटंट हाती आले ते ऑक्टोबर १९४९ मध्ये.

गोष्ट इथे संपत नाही. मे १९४८ मध्ये अमेरिकन फौंड्रीमेन्स सोसायटीच्या अधिवेशनात इंग्लंडच्या हेंटन मॉरो यांचे काम मांडले गेले. सीरियम टाकून गोल ग्रॅफाइट मिळते, असे त्यात होते. त्यावरच्या चर्चेत इंटरनॅशनल निकेलचे विकेंडन उठले आणि म्हणाले की आम्ही हेच मॅग्नेशियमने केले आहे. मॉरो ज्या संस्थेत होते ती बीसीआयआरए, म्हणजे ब्रिटिश कास्ट आयर्न रिसर्च असोसिएशन, ही १९२१ साली स्थापन झालेली आणि फौंड्र्यांनी एकत्र येऊन चालवलेली संस्था होती. एका बाजूला बलाढ्य कंपनीचे स्वतःचे खाते, दुसऱ्या बाजूला लहान-मोठ्या फौंड्र्यांची सामाईक प्रयोगशाळा, आणि दोघी जवळजवळ एकाच वेळी एकाच दारात पोहोचल्या. मॅग्नेशियम स्वस्त आणि सोयीचे म्हणून बाजारात जिंकले. लहान फौंड्रीला संशोधन झेपत नाही असे जो म्हणतो, त्याने मॉरोंची बाजू आधी वाचावी.

आता पैशाचे बघू. ट्रायल परवडत नाही, हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येते की एकदा पाटीवर खडूने हिशेब मांडलेला बरा. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट वीज धरा. पाचशे किलोची ट्रायल हीट म्हणजे ३०० युनिट. धातू कुठे जात नाही. फसलेले कास्टिंग पुन्हा चार्जमध्ये पडते. मॅग्नेशियम पुन्हा वितळताना उडून जाते. तांबे, क्रोम, मॉलिब्डेनम मात्र राहतात, म्हणून तो स्क्रॅप वेगळ्या कप्प्यात रंग मारून ठेवायचा, एवढी शिस्त हवी. वाळू, कोअर, लायनिंगची झीज आणि मजुरी धरली तरी हा आकडा एका ग्राहकाच्या एका डेबिट नोटीपेक्षा बहुधा कमीच भरतो. खरा खर्च दुसराच असतो. ट्रायलच्या त्या दोन तासांत जो माल गेला असता, तो गेला नाही. म्हणजे प्रश्न पैशाचा कमी आणि वेळापत्रकाचा जास्त आहे, आणि वेळापत्रक ही तर व्यवस्थापनाच्या हातातली गोष्ट.

म्हणून आमचे म्हणणे असे: ट्रायलची हीट महिन्याच्या प्रॉडक्शन प्लॅनमध्येच छापून यावी. आठवड्यातून एक, ठरलेल्या वारी, ठरलेल्या शिफ्टला, पार्ट नंबर असल्यासारखी. ती उडवायची तर प्लँट हेडने नव्हे, त्याच्या वरच्याने सही करून उडवावी, आणि उडवलेली हीट पुढच्या आठवड्यात भरून द्यावी. एवढे केले तर बाकीच्या निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात.

दुसरी गाठ रिजेक्शनच्या आकड्याची. बहुतेक ठिकाणी ट्रायलचे फसलेले कास्टिंग प्रॉडक्शनच्याच रिजेक्शनमध्ये मोजले जाते. मोल्डिंगच्या सुपरवायझरचा इन्सेन्टिव्ह त्या टक्क्याला बांधलेला असतो. त्याने आपल्या लाइनवर ब्लोहोलचा प्रयोग का होऊ द्यावा? तो माणूस आडमुठा नाही, त्याचे गणित बरोबर आहे. कंपनीने त्याला दिलेले गणितच चुकीचे आहे. ट्रायलला वेगळा कोड द्या, तिचा स्क्रॅप वेगळ्या खात्यावर टाका, आणि ती हीट चालवणाऱ्या टीमला वरून काहीतरी द्या. मग बघा, जुना मोल्डर स्वतःहून येऊन सांगतो की रायझर इथे नको, तिकडे घ्या. त्याला ते दहा वर्षांपासून माहीत असते, पण विचारलेले नसते.

प्रॉडक्शनवाल्यांची बाजूही मांडायला हवी. ग्राहकाची असेंब्ली लाइन थांबली तर रात्री अकराला फोन त्यांना येतो, संशोधकाला येत नाही. आणि संशोधन खात्यातही असे लोक असतात ज्यांना 'अजून एक हीट' हवीच असते. आधीच्या तीन हीटची नोंद कुठे आहे विचारले तर मोबाइलमधला फोटो दाखवतात. ओतकामाचे तापमान लिहिलेले नाही, मॅग्नेशियम टाकल्यापासून शेवटचा साचा भरेपर्यंत किती मिनिटे गेली ते लिहिलेले नाही. नोड्युलॅरिटी कमी आली तर दोष मिश्रणाचा की उशिराचा, हे मग ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. अशा खात्याला भट्टी देऊ नये, या मताचे आम्हीही आहोत. प्रयोग सुरू करण्याआधी काय दिसले तर थांबायचे, हे एका ओळीत लिहून द्यावे, आणि ती ओळ न लिहिणाऱ्याची पाळी पुढच्याला द्यावी.

केंद्र सरकार १९७३ पासून कंपन्यांच्या अंतर्गत संशोधन केंद्रांना मान्यता देते. हे काम आता डीएसआयआर या विभागाकडे आहे. त्याच्या अटी वाचल्या तर आपल्या अनेक खात्यांचे खरे रूप लगेच उघडे पडते. संशोधनाची जागा वेगळी हवी, हिशेब वेगळा हवा, आणि रोजचे टेस्टिंग व क्वालिटी कंट्रोल यांना संशोधन धरायचे नाही. एक काळ असा होता की या मान्यतेमागे प्राप्तिकराची मोठी ओढ होती. कलम ३५(२एबी) खाली संशोधनाच्या खर्चावर २०० टक्के वजावट मिळायची. ती १ एप्रिल २०१७ पासून १५० वर आणि १ एप्रिल २०२० पासून १०० वर आली. सवलत गेल्यावर ज्यांच्या पाट्या उतरल्या, त्यांची खाती खरी चार्टर्ड अकाउंटंटच्या ऑफिसात होती. आता १ जुलै २०२५ रोजी मंजूर झालेल्या एक लाख कोटींच्या संशोधन-विकास-नवोन्मेष योजनेची चर्चा आहे. स्वस्त, दीर्घ मुदतीची कर्जे दुसऱ्या फळीतल्या फंडांमार्फत देणारी ही योजना बऱ्यापैकी पुढे गेलेल्या तंत्रज्ञानासाठी आहे. चाळीस माणसांच्या फौंड्रीने तिची वाट बघत बसू नये. देशाचा संशोधनावरचा खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता आणि त्यात खाजगी उद्योगांचा वाटा ३६.४ टक्के. हा वाटा दिल्लीत वाढणार नाही.

माणसांचे काय? केआयटी किंवा डीकेटीईसारख्या इंजिनिअरिंग कॉलेजातून आलेला चांगला मुलगा तीन वर्षे संशोधनात राहतो, मग पगारवाढीसाठी त्याला एकतर प्रॉडक्शन मॅनेजर व्हावे लागते किंवा चाकणची गाडी पकडावी लागते. दोन्हीकडून आपण एक मेटॅलर्जिस्ट गमावतो. माणसे न सांभाळता, फक्त आपल्या विषयात वर जाऊन मॅनेजरइतका पगार घेता येईल अशी शिडी ठेवायला खर्च फारसा येत नाही. मालकाच्या मनाची तयारी लागते. ज्याच्या हाताखाली कोणी नाही त्याला एवढा पगार कशाला, हा प्रश्न आपल्याकडे अजून फार जोरात विचारला जातो.

आणि ज्यांना खातेच परवडत नाही त्यांनी बीसीआयआरएचा रस्ता धरावा. तो आपल्या देशात नवा नाही. १९४७ मध्ये अहमदाबादच्या गिरणीमालकांनी अतिरा ही संशोधन संस्था काढली आणि तिच्या उभारणीचे काम तरुण विक्रम साराभाईंकडे दिले. बाजारात एकमेकांचे गळे धरणाऱ्या गिरण्या सुतावरचे प्रयोग एका छताखाली करू लागल्या. इचलकरंजीत डीकेटीईकडे आज नॉनवोव्हनचे उत्कृष्टता केंद्र आहे. शिरोलीतल्या पाच-सात फौंड्र्यांनी मिळून एक शंभर किलोची भट्टी, एक मेटॅलर्जिस्ट आणि एक स्पेक्ट्रोमीटर सामाईक ठेवला तर कोणाचे गुपित फुटणार आहे? मेथडिंग आपापले ठेवा. बाइंडर, इनॉक्युलेशन आणि वाळूचा पुनर्वापर हे प्रश्न सगळ्यांचे सारखेच आहेत.

या मासिकाने आपल्या परीने एक सुरुवात करायचे ठरवले आहे. पुढच्या अंकापासून दोन पाने फसलेल्या ट्रायलींसाठी राखून ठेवत आहोत. काय साधायचे होते, केमिस्ट्री, ओतण्याचे तापमान, ट्रीटमेंटपासून शेवटच्या साच्यापर्यंतचा वेळ, मायक्रोस्ट्रक्चरचा फोटो आणि तुमचा अंदाज, एवढे पाठवा. कंपनीचे नाव, ग्राहकाचे नाव आणि पार्ट नंबर पाठवू नयेत. आले तरी आम्ही छापणार नाही. मजकूर मराठीत असावा, इंग्रजी रिपोर्ट चिकटवू नये, आणि शक्यतो हीट ज्याने प्रत्यक्ष ओतली त्यानेच लिहावे.